भाद्रपदातलं पॉलिश

आमच्या पनवेलच्या घरी आलेल्या माणसाला खुर्ची दिली, तर आपल्याला परकं केलं असं त्याला वाटायचं. पडवीला सागाचे चार खांब होते आणि येणारा प्रत्येक जण चपला पायरीशी काढून सरळ एखाद्या खांबाला पाठ लावून खाली बसायचा. पायरीजवळचा पहिला खांब शेजारच्या बायकांचा. त्या तिथं बसून मेथी निवडायच्या आणि निवडता निवडता गल्लीतल्या सगळ्यांना निवडून बाजूला ठेवायच्या. दुसरा बाबांच्या शाळेतल्या मास्तर मंडळींचा, तिसरा खुद्द बाबांचा. चौथा पार कोपऱ्यात, खिडकीला लागून होता, त्याच्याकडे फारसं कोणी जायचं नाही. सकाळी आई आत तांदळाच्या भाकऱ्या थापायची तेव्हा तो थपथप आवाज पडवीपर्यंत यायचा, आणि त्या आवाजावरून किती भाकऱ्या झाल्या हे बाबा खांबाला टेकून, पेपर वाचता वाचता मोजायचे. आता मी नवव्या मजल्यावर राहते. माझ्या नातवाला पडवी म्हणजे काय हे मला कागदावर काढून दाखवावं लागलं. त्यानं विचारलं, "म्हणजे बाल्कनी, पण खाली?" मी हो म्हटलं, कारण आणखी समजावायला गेले असते तर माझा चहा गार झाला असता.

हे खांब मुळात आमच्या जासईच्या घराचे. आजोबा, म्हणजे बाबांचे आबा, गेल्यावर ते घर उतरवलं तेव्हा बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे काका, यांनी भांडीकुंडी, पेटारे, शेताचा तुकडा, सगळं एका दुपारीत वाटून घेतलं. आवाज कोणाचा चढला नाही. खांबांचं मात्र कोणी बोललंच नाही. बाबा तेव्हा पनवेलला घर बांधत होते. काका एकदा कामासाठी महिनाभर अलिबागला गेले असताना बाबांनी टेंपो आणला आणि चारही खांब उचलून नेले. काका परत आले, रिकाम्या जोत्याकडे त्यांनी पाहिलं आणि तडक पनवेल गाठलं. "दोन माझे," एवढंच ते म्हणाले. तोवर खांब उभे राहून त्यांच्यावर कौलं चढली होती. बाबा म्हणाले, "दादा, तू सुकापूरला दोन खोल्यांत राहतोस. तिथं खांब काय न्हाणीत उभे करणार?" काका म्हणाले, "कुठं करीन ते माजं मी बघीन." बाबा म्हणाले, "दोन काढले तर माझं छप्पर काय तुझ्या शब्दावर उभं राहील?" यावर काका उठले आणि जाता जाता सांगून गेले, की माजे दोन खांब देशील तवा तुजी पायरी चढेन. त्याला तीन वर्षं झाली होती. आम्हा मुलांना सुकापूरला जायला बंदी नव्हती, काकी आमच्याकडे येऊन आईशी दोन-दोन तास बोलायच्या. भांडण फक्त दोन भावांचं होतं आणि ते दोघंही ते जपून होते.

त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. मुहूर्त मार्गशीर्षातला. ताईची चार वर्षं जासईला काकांच्या खांद्यावर गेली होती, कारण माझ्या जन्माच्या वेळी आई फार आजारी पडली आणि पुढंही बरेच दिवस तिला उठवत नव्हतं. ताईला पहिला मोरावळा, पहिली शिवी आणि खाडीत पोहणं, हे सगळं काकांकडून मिळालं. आमच्यात नवरीला पहिली हळद मोठ्या काका-काकींनी लावायची असते. ताईनं सुपारी फुटली त्याच संध्याकाळी शांतपणे सांगितलं, "काका नसतील तर मी हळद लावून घेणार नाही. बिनहळदीची उभी राहीन." बाबा म्हणाले, "त्यानं यावं, मी काय दार लावलंय?" तिकडं सुकापूरला काका म्हणत होते, "त्यानं बोलवावं, मी काय बहिरा हाय?" ताई, बाबा आणि काका या तिघांचे स्वभाव एकाच पिठाचे. आई बिचारी रोज देवाला दिवा लावताना जरा जास्तच वेळ उभी राहायला लागली. लग्नाचा सगळा आनंद एका ठिकाणी येऊन अडला होता आणि घरातल्या प्रत्येकाला ते ठिकाण माहीत होतं.

अडलेल्या माणसाला काहीतरी काम लागतं. बाबांनी खांब काढले, म्हणजे पॉलिश करायला. गणपतीला ताईच्या सासरची मंडळी डोंबिवलीहून येणार होती आणि तीन पावसाळे खाऊन खांब राखाडी, चट्टेरी झाले होते. बाबा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. आमच्या गल्लीच्या टोकाला रशीदभाई सुतारांचं दुकान होतं. बाबा त्यांच्याकडे पॉलिशपेपर मागायला गेले, तेव्हा मी बरोबर होते. रशीदभाई रंधा थांबवून म्हणाले, "सर, अभी नको. लकडी पाणी पिऊन बसलीये. दसरा होऊ द्या, मी खुद येऊन करतो."

बाबा म्हणाले, "रशीदभाई, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे मी आठवीच्या मुलांना शिकवतो."

"आठवीला जरूर शिकवा, सर," रशीदभाई म्हणाले. "खांबाला शिकवू नका."

पण बाबांनी शिकवायला घेतलं होतं. लाकडाला लावायला बाजारात बेलतेल मिळतं, म्हणजे उकळून तयार केलेलं जवसाचं तेल. बाबांना त्यात भेसळीचा संशय. म्हणून त्यांनी घाण्यावरून ताजं, कच्चं, शुद्ध जवसाचं तेल आणलं आणि शुद्ध ते चांगलंच असणार असं आम्हाला समजावलं. खांब आधी सोड्याच्या पाण्यानं धुतले. मग चार दिवस घरात खरखर खरखर. आमटीत, वरणात, अंथरुणात सागाचा भुसा. आईनं एकदा भाजीवर झाकण ठेवत विचारलं, "खांब किती बारीक करायचेत?" त्यानंतर रंग. तेलात कुठली पूड किती घालायची हे बाबा प्रयोगानं ठरवणार होते, आणि प्रयोगासाठी वेगळी फळी घेण्याऐवजी त्यांनी खांबच घेतले. पहिल्यात काजळी जास्त पडली, तो काळा झाला. दुसऱ्यात त्यांनी काजळी कमी केली, तो कॉफीसारखा झाला. तिसरा पिवळट. चौथ्यात गेरू घातला आणि तो असा तांबडा झाला की आई बाहेर येऊन बघून पुन्हा आत गेली. मग एकसारखे दिसावेत म्हणून बाबांनी प्रत्येकावर आणखी दोन-दोन हात मारले. त्यानं ते एकसारखे झाले नाहीत, फक्त जाड झाले.

आणि ते वाळेनात. आज वाळतील, उद्या वाळतील करत आठवडा गेला. बाहेर श्रावण सरून भाद्रपद लागला तरी रिपरिप, हवेत ओल इतकी की आगपेटीतल्या काड्या ओढल्यावर नुसत्या वाकायच्या. बाबांनी खांबांना पुठ्ठ्यानं वारा घातला. टेबलफॅन लावला, तर खांबांवर चिलटं येऊन चिकटली. शेवटी गणपती येऊन बसले तेव्हा बाबांनी सुंदर अक्षरात पाटी लिहिली, "खांब ओले आहेत, टेकू नये," आणि ती दुसऱ्या खांबाला बांधली. लोक यायचे, पाटी वाचायचे, खरंच ओले आहेत का हे बोट लावून बघायचे, बोट भिंतीला पुसायचे आणि मग वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्याच खांबाला पाठ लावून बसायचे. सांगणार कसं? गणपतीला आलेल्या माणसाला उठवायचं कोणाच्या तोंडून निघेना. आरती संपून मंडळी उठली की पडवीत कापड सुटल्याचा हलका आवाज व्हायचा आणि प्रत्येकाच्या पाठीवर उभा, रुंद, चकचकीत पट्टा. तिसऱ्या दिवसापर्यंत पनवेलच्या बाजारात आमच्याकडे दर्शनाला येऊन गेलेला माणूस मागून ओळखू यायला लागला. आई भाजी घेऊन आली की सांगायची, "आज दोन काळे आणि एक पिवळा भेटला." तांबडा मात्र कोणी नव्हता. चौथ्या खांबापुढं आम्ही शाळेतून आणलेली दोन बाकडी उभी लावून ठेवली होती, त्यामुळं आतून तिथं कोणाला बसताच येत नव्हतं. आत खिडकीशी गणपती होता आणि समई सांभाळायला बाबा रात्री तिथंच आडवे व्हायचे.

डोंबिवलीची मंडळी आली ती दुसऱ्या दिवशी. ताईचे होणारे सासरे मितभाषी, कडक इस्त्रीचे. आम्ही खास त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. ते म्हणाले, "छे, घरच्यासारखं बसू द्या," आणि पहिल्या, काळ्या खांबाला टेकले. ताईनं स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहिलं आणि तिच्या हातातल्या मोदकाची कळी मोडली. त्यांनी दीड तास टेकून चार मोदक खाल्ले, वाटीत तूप दोनदा घेतलं. उठताना त्यांचा पांढरा सिल्कचा झब्बा आधी आला नाही, मग आला. त्यांना पत्ता नव्हता. आई रिक्षापर्यंत त्यांच्या अगदी पाठीमागून चालत गेली, म्हणजे त्यांच्या बायकोला दिसू नये. ती इतकी जवळून चालत होती की त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

बाबांनी चूक मान्य केली नाही, पण रात्रीत बाटलीभर टर्पेंटाइन आणून ठेवलं. विसर्जन झाल्यावर ते रोज शाळा सुटली की पिशवीत बाटली आणि जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन निघायचे आणि घरोघर जाऊन डाग काढून द्यायचे. पहिला नंबर डोंबिवलीचा. तिथं त्यांनी झब्बा मांडीवर घेऊन तासभर घासला. सासरे बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "असा व्याही शोधून सापडत नाही." हे त्यांनी कौतुकानं म्हटलं की कसं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आईनं मला पंचखाद्य आणि करंज्यांचा डबा देऊन सुकापूरला पाठवलं. मी तेव्हा सतरा वर्षांची, नुकती अकरावीत गेलेली. गणपती गेल्यामुळं काकींच्या चुलीवर पुन्हा सुका जवळा परतला जात होता आणि त्याचा वास जिन्यातच भेटला. काकी न्हाणीत बसून एका पांढऱ्या सदऱ्याला धोपटत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघ गो बाय, सोडा टाकला, उकलत्या पान्यात घातला, तरी डाग हाय तसा हाय. इचारलं तं बोलतात रिक्षाच्या सीटचा." त्यांनी सदरा उलगडला. पाठीवर उभा, रुंद पट्टा. तांबडा.

काका खिडकीत बसून सुपारी कातरत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"काका, कुठली रिक्षा होती?"

"रिक्षा ती रिक्षा. काली-पिवली."

"मग डाग तांबडा कसा?"

अडकित्ता थांबला. काकी न्हाणीतून ऐकत होत्या, कारण धोपटणंही थांबलं. काका हळूच म्हणाले, "पायरी नाय चढलो मी. रातच्याला कुंपनाच्या फटीतून आलो, बाहेरनं जोत्याव बसून खांबाला टेकलो फकस्त. तितून मान वलवली का खिडकीतला देव दिसतो. देवाला बघाया आल्तो, तुज्या बापाला नाय." मग त्यांनी माझा हात धरला. "बापाला बोलू नको. गनपतीची शपथ हाय तुला." मी मान हलवली. घरी येताना रिक्षात मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि रिक्षावाला आरशातून बघत असल्यामुळं मी दोन्ही केलं नाही.

शपथ मी पाळली. आजही मला वाटतं, की ती मी पाळलीच. पाचसहा दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी बाबा चिंध्या धुऊन वाळत घालत म्हणाले, "चला, सगळे डाग आटोपले." मी म्हटलं, "एक सदरा राहिलाय."

"कोणाचा?"

"शपथ आहे, सांगता येत नाही. सुकापूरला आहे."

आतून येणारा भांड्यांचा आवाज बंद झाला. सुकापूरला आमचं एकच घर होतं. बाबांनी ओली चिंधी पुन्हा एकदा पिळली, तिच्यात पाणी उरलं नव्हतं तरी. "पट्टा कुठला?" त्यांनी विचारलं.

"तांबडा."

"तांबडाच?"

"तांबडाच."

रविवारी सकाळी बाबांनी पिशवीत बाटली ठेवली, मला बरोबर घेतलं आणि सुकापूरला गेले. काकींनी दार उघडलं तर 'कशा आहात' नाही, काही नाही, म्हणाले, "वहिनी, तो सदरा आणा." आणि उंबऱ्याच्या आत जमिनीवर मांडी घालून बसले. काका आतल्या खोलीत होते. बाबांनी टर्पेंटाइन लावलं, घासलं, पुन्हा लावलं, आणि मग वर्गात बोलावं तसं मोठ्यानं म्हणाले, "हा गरम पाण्यात घातलाय. आता जाणार नाही. कच्च्या तेलाला उष्णता मिळाली की ते घट्ट धरून बसतं."

आत खाट करकरली. मग काका दारात आले. तीन वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य असं होतं, "कच्चा तेल लावलास?"

बाबांनी बाटलीचं बूच लावलं.

"सागाला? भादव्यात?" काका खालीच बसले. "आरं, आबा दरवरसी चैतात बेलतेल तापवायचे चुलीवं, आनि हाताच्या तलव्यानं चोलायचे. पातल, लय पातल. एक हात, मग चार दिस उन. मग दुसरा हात. दहा वरसाचा व्हतो तवापासून मी चोललेत ते खांब. तू अलिबागला बोर्डिंगात शिकत व्हतास. तुना ते छपराचे टेकू हायत. मना..." त्यांनी नुसता तळवा पुढं केला. काकींनी पदर डोळ्यांना लावला आणि जवळा करपत होता म्हणून चुलीकडे पळाल्या. मी बाबांकडे बघत होते. तीन वर्षं त्यांना वाटत होतं की दादाला लाकूड हवंय. आपण टेंपोत घालून काय उचलून आणलं ते त्यांना त्या जमिनीवर बसल्या बसल्या कळलं, आणि माझ्या बापाचा चेहरा इतका उघडा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

पण लग्नाचा विषय कोणी काढला नाही. काका एवढंच म्हणाले, "दसऱ्यानंतर येतो. त्यो गू खरवडून काढाया लागंल."

आले. पायरी न चढता बाजूनं स्टूल लावून जोत्यावर चढले आणि कामाला लागले. आठ दिवस दोघं भाऊ पाठीला पाठ करून खरवडत होते. काका एका खांबावर, बाबा दुसऱ्यावर. रशीदभाई दुकान उघडं टाकून बघायला यायचे आणि काकांचा हात बघून मान डोलावायचे, बाबांचा हात बघून रस्त्याकडे बघायचे. चकाकी नावाला नव्हती, पण खाली सागाचा खरा रंग निघाला, उन्हात सुकला, आणि मग आईनं चुलीवर बेलतेल गरम करून दिलं. काका तळव्यानं चोळायचे. बाबाही तसंच करायला गेले, तर काका म्हणाले, "चोलतोस का पुसतोस?" जेवणं पडवीतच व्हायची. वालाचं बिरडं, भाकरी, तळलेला बोंबील. काकांचं ताट जोत्याच्या कडेला, त्यांच्या स्टुलाजवळ, कारण पायरी न चढता याहून आत यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. लग्न महिन्यावर आलं होतं. ताई दर तासाला चहा घेऊन यायची, कप ठेवून तिथंच उभी राहायची, दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघायची आणि गार झालेला चहा परत घेऊन जायची.

शेवटच्या दिवशी चौथ्या खांबाशी दोघं समोरासमोर आले. काका वरून चोळत होते, बाबा खालून. बाबा खांबाकडेच बघत म्हणाले, "दादा, तू इथपर्यंत आलास. इथं बसलास. मी त्या खिडकीच्या आत, चार हातांवर होतो. एक हाक का नाही मारलीस?"

काकांनी हात न थांबवता उत्तर दिलं, "मारली. तीनदा मारली. तू घोरत व्हतास."

कप उचलायला आलेल्या आम्ही दोघी, ताई आणि मी, थांबलो. आपण घोरतो हे बाबांनी आईसमोर पंचवीस वर्षं कबूल केलं नव्हतं. एकदा तर त्यांनी त्यावर शास्त्रीय कारणंही दिली होती. आम्हाला वाटलं आता ते नाही म्हणतील. त्यांनी हातातला बोळा खाली ठेवला. तेलानं माखलेले तळवे कुठं पुसायचे ते त्यांना सुचेना, म्हणून ते तसेच पुढं धरून उभे राहिले, आणि खाडीपलीकडच्या माणसाला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं ओरडले, "दादा, पोरीच्या लग्नाला ये."

समोरच्या घरातल्या बायका खिडकीत आल्या. काका कान चोळत म्हणाले, "आरडतोस कशाला? मी काय झोपलोय?"